यादीतलं तिसरं नाव

बाळ पिवळं पडत चाललं होतं. इस्पितळातून सोडताना नर्सने बजावलं होतं, शुक्रवारच्या आत बालरोगतज्ज्ञाला दाखवाच. विमा कंपनीच्या यादीत आमच्या गावातले तीनच डॉक्टर होते. यादीबाहेर गेलो तर सगळा खर्च आमच्या अंगावर, आणि माझ्या नवऱ्याची, रसची, नोकरी नुकतीच बदललेली.

पहिल्या नंबरावर टायरचं दुकान लागलं. दुसरे, डॉक्टर टॅगर्ट, लगेच या म्हणाले. मी राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या साइटवर त्यांचा परवाना पाहिला. "आधी परवाना बघ, हसरा चेहरा नंतर," असं आई म्हणायची. चुकीची औषधं दिल्याबद्दल टॅगर्टवर कारवाई झाली होती.

तिसरं नाव डॉक्टर व्हर्ना केसलर. घरापासून दीड मैल. नवीन रुग्ण घेतात.

व्हर्ना केसलर माझी आई. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिला पुरलं.

मंडळाच्या साइटवर तिच्या परवान्यापुढे एकच शब्द होता : मृत. म्हणजे सरकारला कळलं होतं.

मी विमा कंपनीला फोन लावला.

"डॉक्टर केसलर आहेत की, मॅडम! अगदी जवळ," पलीकडची मुलगी उत्साहात म्हणाली. "अपॉइंटमेंट घेऊन देऊ?"

"द्या. मी थांबते."

फोनवर पियानो वाजत राहिला. रसने बाळाला खिडकीतल्या उन्हात धरलं होतं. "अगं, सांगून टाक ना तिला," तो पुटपुटला. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी स्वतः फोन लावून बघावा, एवढंच मला हवं होतं.

"मॅडम, तो नंबर बंद आहे."

"असणारच. ती माझी आई. गेली ती."

"अरे देवा... सॉरी, मॅडम." मग चाचरत, "नाव काढायला मृत्यूचा दाखला पाठवाल का?"

माझा आवाज चढला नाही. आईचाही चढत नसे. ती रागावली की तिचे शब्द सुटे सुटे होत.

"पाठवते. आता ऐका. एक दुकान, एक कारवाई झालेला माणूस, एक मेलेली बाई. ही तुमची यादी. शेजारच्या गावात डॉक्टर सोसा आहेत. परवाना स्वच्छ आहे, मी पाहिलाय. त्यांना यादीतल्यासारखंच धरायचं, असं साहेबांकडून लेखी आणा. फोन रेकॉर्ड होतोय ना?"

"हो, मॅडम."

"छान. मी आहे इथेच."

पियानो पुन्हा सुरू झाला. बाळ रडलं, प्यायलं, झोपलं. मंजुरी आली तेव्हा रस माझ्याकडे न बघता म्हणाला, "हुबेहूब व्हर्ना."

गुरुवारी डॉक्टर सोसांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. कावीळ वाढलेलीच होती. त्याच दिवशी त्यांनी लेकीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. आता ती गुलाबी आहे, आणि चिडकी.

दाखला मी लगेच पाठवला होता. महिना झाला. परवा यादी पाहिली, आई अजून नवीन रुग्ण घेते आहे.