नावेतले चौघे

इराने तटबंदीचं दार लावलं, तोवर सबिहाचे हत्ती खिंड ओलांडून आले होते. तिने भालेकरी दाराशी उभे केले, त्यांच्यामागे तिरंदाज. मग शेतातली चार माणसं उचलून नदीकाठच्या नावेत बसवली.

मकबूलभाईंच्या सायबर कॅफेत दुपारी गर्दी नसे. दुकान तेव्हा त्यांची मुलगी सबिहा बघायची आणि समोरच्या क्लासमधली इरा तिच्याशी कॉम्प्युटरवर एक डाव खेळून जायची. मेडिकलची परीक्षा इराने दोनदा दिली होती. आता तिसरं वर्ष.

राघवेंद्र आत आले ते फोडलेलं पाकीट हातात घेऊनच. क्लासमध्ये फिजिक्स तेच शिकवत.

“नांदेडहून आलंय. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला म्हणे तुला. फॉर्म कधी भरलास?”

“जूनमध्ये, बाबा.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर भरू दिला असता?”

सबिहाने माउसवरचा हात काढला. “सर, बंद करू का?”

“नको,” इरा म्हणाली. “चालू दे.”

हत्तींनी दार फोडलं. भालेकरी एकेक करून पडू लागले. राघवेंद्रांची नजर नकळत पडद्याकडे गेली.

“ही नाव कुठं चालली? तीही माणसं दाराशी लाव की.”

“किल्ला जाणारच आहे. दारावरचे नुसता वेळ काढून राहिलेत. तेवढ्यात हे चौघं बेटावर पोचतात.”

किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभर राघवेंद्रांनी बायको-मुलीला घरात झोपू दिलं नव्हतं. लातूरच्या त्यांच्या घराला साधी भेगही गेली नव्हती, तरी अंगणात पत्र्याचं शेड होतं आणि शेडच्या खांबाला कागदपत्रांची पिशवी. गल्ली हसायची. त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं.

किल्ला पडला. नाव बेटाला लागली. चौघे उतरले आणि झोपडी बांधू लागले. सबिहा त्यांना नकाशाभर शोधत होती.

“इथून कुणी जिंकतं का?” राघवेंद्रांनी विचारलं.

“मी एकदा जिंकले. चार तास लागले.”

“साडेतीन,” सबिहा म्हणाली.

राघवेंद्रांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. पाकिटातला कागद काढून पुन्हा वाचला. पहिल्या खेपेला तारीख त्यांनी पाहिलीच नव्हती.

“सोमवारी हजर व्हायचंय.”

इराने मान हलवली.

“फॉर्मवर पालकाची सही लागत असेल.”

“लागते.”

“कुणी केली?”

इराचा हात माउसवर तसाच राहिला. झोपडी पुरी झाली होती, चौघे रिकामे उभे होते.

“आईनं.”

राघवेंद्रांनी कागदाची घडी घातली. मूळ घडीवर ती बसेना, तेव्हा नखाने दाबून नीट केली.

“मग तिला सांग,” ते म्हणाले, “सोमवारी डबा आपल्या दोघांचा भर म्हणावं.”