शनिवारी झाडणाऱ्या क्यूपर्सबाई

मी जुन्या पेटी-कॅमेऱ्याच्या पाठीची दुधी काच बोलतेय; फोटोआधी समोरचं दृश्य माझ्यात उमटतं. आम्ही पाहायचं आणि सोडून द्यायचं, कुणाला सांगायचं नाही, असा नेम आहे. तो आज मोडते.

माझा जन्म जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. आधी मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे होते. माणसं माझ्यात डोकं खाली, पाय वर अशी उमटत. तो दटावायचा, “हलू नका, पुसले जाल!”

मग फ्रीडरीके होल्टकांपने मला घेतलं. तिच्या फोटोत माणूस नसतो. बंद कारखाने, रिकामी घरं, वर राखाडी आभाळ, सगळं अगदी समोरून. ऊन पडलं की ती गाडीत बसून राहते. या रिकामपणावरच ती मोठी झाली. तिचे भिंतीएवढे फोटो संग्रहालयांत लागतात.

कोळशाच्या खाणीसाठी एक गाव उठत होतं. क्यूपर्सबाईंचं घर तेवढं उरलेलं. शेजारी कुणी नव्हतं, तरी शनिवारी झाडायची तिथली रीत म्हणून त्या दारापुढचा रस्ता झाडत होत्या.

“कुणासाठी झाडताय?” फ्रीडरीकेने विचारलं.

“खाणवाले काय म्हणतील? घाणेरडी होती बाई!” त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला घ्याल ना फोटोत? घरासोबत माझा एकही नाही.”

“घेते की. तुम्ही झाडत राहा.”

फ्रीडरीकेने भिंगापुढे उजेड अडवणारी काळी काच लावली, माझ्यापुढे फिल्म सरकवली आणि झडप बराच वेळ उघडी ठेवली. इतक्या वेळात घर उमटतं. हलणारा माणूस उमटत नाही. तिला ठाऊक होतं. मलाही. “हलू नका” असं ती म्हणालीच नाही.

आज संग्रहालयात प्रदर्शन आहे. मला कॅमेऱ्यासकट फोटोशेजारी मांडलंय. घर केव्हाच पाडलं. क्यूपर्सबाई ठेवणीतला कोट घालून आल्यात, फोटोला नाक लावून शोधतायत.

“मी कुठाय हो?”

फ्रीडरीकेची मान खाली. “तुम्ही झाडत होतात ना...”

“अहो, तुम्हीच म्हणालात झाडा!”

बाई माझ्याकडे वळल्या, कॅमेऱ्यावरचं काळं कापड डोक्यावर घेऊन वाकल्या. “यात तरी असेन.”

माझ्यात फक्त दिवे आणि वाइनचे पेले, उलटे.

बाई, फिल्म आत सरकेपर्यंत तुम्ही माझ्यात होतात, एप्रनच्या खिशातल्या कपड्यांच्या चिमट्यांसकट. मी तेव्हा मुद्दाम तडकले असते तर फोटो झालाच नसता. पण तेव्हा मलाही वाटत होतं, फोटो रिकामाच यावा, कारण मला त्या मोठ्या भिंतीवर मिरवायचं...

“अगं, झाकण लाव त्या काचेला! भाषण सुरू होतंय,” संग्रहालयातलं कुणीतरी ओरडलं.