रिद्धीची अठाई

रिद्धीच्या हृदयात रक्त ढकलणारा कप्पा जन्मापासून दोनाऐवजी एकच. ती चार वर्षांची असताना मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटचं ऑपरेशन केलं, रक्ताला वेगळी वाट काढून दिली आणि सांगितलं, पोर जगेल, पण जपा. नीलम आणि अंकितचं मंचरच्या पेठेत किराणा दुकान, वरच घर. त्यांनी पोरीला इतकं जपलं, की तेरा वर्षांची झाली तरी तिनं जिन्याकडे नुसतं पाहिलं की घरदार 'हां हां' करत धावायचं. शाळेत खेळाच्या तासाला ती मैत्रिणींच्या चपला राखत बसे.

पण २००६ साली जैनांच्या पर्युषणात तिनं पहिला उपास धरला तेव्हा कुणी फारसं अडवलं नाही. उपास म्हणजे नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून नीलमनं होकार दिला. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा उपासाचा नेम घ्यायला साध्वीजींपुढे हात जोडून उभी. मग तिसऱ्या दिवशीही.

"मम्मी, यात पळायचं नाही, चढायचं नाही. नुसतं बसायचं. मला जमतंय!"

आता अशा पोरीला नाही कोण म्हणणार? आठ उपास पुरे झाले की अठाई, मग गावातून वाजतगाजत मिरवणूक. उपासात औषध चालत नाही, म्हणून हृदयाच्या आणि अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या डब्यातच राहिल्या. "इतक्या वर्षांत काही झालं नाही, आता आठ दिवसांत काय होणार?" अंकित म्हणाला.

पाचव्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. सासूबाई सुंदरबाई मधोमध बसून गाणी म्हणत होत्या. जन्मभर 'बिचारी' ऐकलेल्या पोरीच्या लोक पाया पडत होते. नीलमचा ऊर अभिमानानं भरून आला, खोटं कशाला बोला. महाळुंगे पडवळहून दुकानात माल न्यायला आलेली गोजरबाईही वर डोकावली.

"अगं बया, पाच दिस उपाशी आन् त्वांड कसं भरल्यालं! लई तेज चढलंय पोरीला."

"तपाचं तेज आहे ते," सुंदरबाई म्हणाल्या, आणि साऱ्या बायकांनी माना डोलावल्या.

सहाव्या दिवशी सकाळी नीलम पोरीला नटवायला बसली. पैंजण घालू गेली, तर फासा काही लागेना. आठवड्यापूर्वी हेच पैंजण टाचेवरून निसटत होतं. नीलमनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. उपाशी पोर कुठली भरणार? ती सुजत होती.

"रात्री झोप लागली का गं?"

"आडवं झालं की दम लागतो. भिंतीला टेकून बसले. कुणाला सांगू नकोस ना मम्मी, दोनच दिवस राहिलेत."

नीलमनं गोळ्यांचा डबा काढला. सुंदरबाई दारात आल्या. "पच्चक्खाण घेतलंय तिनं. देवासमोरचा नेम मोडशील?"

"मोडते, बाई. पाप माझ्या माथी."

रिद्धीनं ओठ घट्ट मिटले. नीलमनं हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं आणि गोळी घातली. पोरगी ऊर फुटेस्तोवर रडली. त्यानंतर जीप काढली ती थेट पुण्याला.

"हृदय फार दमलंय," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. "आजचं नाही हे. दोन वर्षं तुम्ही तपासणीला आला नाहीत, आतल्या आत ते थकत आलं असणार. त्यात गोळ्या बंद झाल्या. ऑपरेशननं वाट दिली हो, दुसरा कप्पा नाही दिला."

"बरी होईल ना?" अंकितनं विचारलं.

"सूज उतरेल. हृदय पहिल्यासारखं होईल, असं मी म्हणणार नाही. गोळी मात्र आता एक दिवसही चुकवू नका."

मंचरला अठाई केलेल्या बाकीच्यांची मिरवणूक निघाली त्या सकाळी रिद्धी नाकाला नळी लावून पडली होती. नीलमनं गोळी पुढे केली. रिद्धीनं तोंड फिरवलं.

"सगळ्यांसारखं मला एवढं एकच जमत होतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

पोरीचं खरं होतं, आणि तरी पुन्हा वेळ आली असती तर नीलमनं पुन्हा तेच केलं असतं.

"माझ्या हातून नको घेऊस," ती म्हणाली. "कुणाच्याही हातून घे, पण घे."

गोळी नर्सच्या हाती देऊन ती बाहेर जाऊन उभी राहिली. दाराच्या काचेतून तिला दिसलं, रिद्धीनं नर्सच्या हातची गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्यायलं. नीलमनं तोंडाला पदर लावला आणि मग मात्र ती खूप रडली.