आत्यांच्या चार बाटल्या

लेकीला तिसरा महिना लागला आणि माझ्या नवऱ्याच्या आत्या मदतीला म्हणून राहायला आल्या. आत्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे बाळांविषयीची त्यांची मतं ठाम होती. ती खोटी पाडायला एकही बाळ त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

लेक दूध प्यायची, थोड्या वेळाने पाठीची कमान करून रडायची आणि प्यायलेलं माझ्या खांद्यावर परत करायची. मी घरीच शिवणकाम करते. एकदा तिने गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाच्या बाहीवर कृपा केली.

"भुकेली आहे गं ती," आत्या म्हणाल्या. "तुझं दूध पातळ. पोटात ठरत नाही."

"आत्याला अनुभव आहे," नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. कसला, ते मी विचारलं नाही. मला कोट पुसायचा होता.

रडणं वाढलं तशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत्याही आल्या, मला नीट सांगता येणार नाही म्हणून. डॉक्टरांनी वजन केलं; छान वाढत होतं. लंगोट किती ओले होतात, उलटी हिरवी असते का, रक्त दिसतं का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं.

"दिवसातून किती वेळा पाजता?"

"आठ वेळा."

"माझ्या बाटल्या धरून की सोडून?" आत्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ही मशीनवर बसली की मी देते वरचं दूध. चार बाटल्या," आत्या म्हणाल्या. "कुणी उपकार मानावेत म्हणून नाही सांगत."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू एवढ्या वयात पुरता आवळत नाही. दूध आम्लासकट वर येतं, जळजळतं, म्हणून ती रडते. त्यावर आणखी दूध ओतलं की आणखी वर येतं. बाटल्या बंद. थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर अर्धा तास उभं धरा. झोपवायचं मात्र उताणं, सपाट गादीवर, उशीशिवाय. औषधाची आत्ता गरज नाही. वजन अडलं, उलटी हिरवी, रक्ताची किंवा लांब फेकल्यासारखी झाली, दूधच नको म्हणाली, तर लगेच या.

परतताना आत्या माझ्या दोन पावलं मागे चालत होत्या. निम्म्या वाटेपर्यंत मला फार बरं वाटलं. मग मनात आलं, सुजलेल्या बोटांनी त्या रोज चारही बाटल्या उकळूनही घेत असतील.

"आत्या, पाजल्यावर तिला उभं धरायचं काम तुम्ही कराल?"

"पूर्ण अर्धा तास?"

"घड्याळ लावून."

नवऱ्यालाही संधी दिली होती. सात मिनिटांत त्याची कंबर धरली.

तीन आठवड्यांत रडणं बरंच थांबलं. दूध अधूनमधून येतच होतं. ते वर्षभरात जाईल, असं डॉक्टर म्हणाल्याच होत्या. एका दुपारी शेजारीण डोकावली. आत्या लेकीला खांद्याशी धरून येरझाऱ्या घालत होत्या.

"स्नायूचा प्रश्न होता," आत्या तिला म्हणाल्या. "मी आल्या आल्या ओळखलं. आमची सून आपली म्हणतेय, भूक लागलीय."

मी मशीनशी बसले होते. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून घरात शांतता राहिली.