अनुमोदक हवा

कामगार संघटनेत उभी हयात भांडणं मिटवून निवृत्त झालेल्या सासरेबुवांना आता एकच गोष्ट हवी होती: दुपारची झोप. खिडकीपाशी वेताची आरामखुर्चीही होती. पण डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात सासू-सुनेची जुंपायची. नळ कुणी सोडला, झाकण कुणी आदळलं, आणि मग दोघी आळीपाळीने खुर्चीपाशी दाद मागायला हजर.

शेवटी त्यांनी सगळा अनुभव पणाला लावला. तक्रार फक्त रविवारच्या सभेत, तीही अनुमोदक असेल तरच. ते स्वतः अध्यक्ष. मुलगा लग्न झाल्या दिवसापासून तटस्थ. उरल्या दोघी, त्या एकमेकींना अनुमोदन देणार कशाला? तक्रारी आपोआप उपाशी मरतील, असा हिशेब करून ते मिशीत हसले.

सुरुवातीच्या सभा खरंच ओस पडल्या. सासरेबुवा मनसोक्त घोरले.

मग एकदा भाजी निवडता निवडता सासूबाईंनी सुनेला सहज विचारलं, अनुमोदन देशील का. सुनेने विचारलं, कुणाविरुद्ध? तेव्हा दोघींचं एकमत होईल असं घरात आहे तरी काय, याचा शोध सुरू झाला. फार लांब जावं लागलं नाही. ते खुर्चीत घोरतच होतं.

रविवारी ठराव आला: ओला टॉवेल गादीवर टाकू नये. पुढच्या रविवारी, चष्म्यासाठी सगळं घर कामाला लावू नये. त्यापुढच्या, दुपारी कपडे अध्यक्षांनी वाळत घालावेत. मांडणार सासू, अनुमोदन सुनेचं; कधी उलट. एरवी दोघी डोक्याला डोकं लावून पुढचे ठराव रचत आणि अशा खिदळत, की भांडण परवडलं.

अखेर सासरेबुवा सभेत उभे राहिले. "ही सभाच बरखास्त करावी, असा माझा ठराव आहे."

"अनुमोदक कोण, बाबा?" सुनेने अदबीने विचारलं.

त्यांनी मोठ्या आशेने मुलाकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रामागून म्हणाला, "मला यात ओढू नका."

"पडला ठराव," सासूबाई म्हणाल्या. "आता माझा ऐका. ती आरामखुर्ची स्वयंपाकघरात हवी. हिचे पाय दुखतात हो."

"आणि आईंची कंबर," सुनेने अनुमोदन दिलं.

दुपारी खुर्ची हलली. पुढून अध्यक्षांनी धरली होती, मागून तटस्थाने.