उघड्या पिना

किल्ल्यांचा जुडगा बॅटरीच्या उघड्या पिनांवर पडला आणि फाडकन ठिणग्या उडाल्या. फिलिपाइन्सच्या इलोइलोत आमचं रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांचं दुकान, आणि माझाच धाकटा भाऊ क्रिसांतो कनेक्टर उलटे जोडून मोकळा!

"अरे गाढवा, उघड्या पिना गाडीच्या तारेला लावायच्या, झाकलेलं तोंड बॅटरीला! गाडी बंद करता येते, बॅटरी नाही!"

"मनांग, प्लग बसतोय ना? मग उगाच कशाला भडकतेस?" तो दात काढत म्हणाला. मनांग म्हणजे ताई.

"अशा किती जोडल्यास?"

"दोनच."

"दुसरी कुठंय?"

त्याचं हसू पार मावळलं. "तुझ्या लेकीनं गाडीबरोबर नेलीय शाळेत, मैत्रिणींना दाखवायला. दप्तरात सुटीच टाकून... स्टीलच्या डब्याशेजारी."