माउंट निबोचा काटा

वजनाचा काटा थरथरून थांबला आणि कॅल्विन पिकेन्सने तो आकडा माइकवरून वाचला. चर्चच्या सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा. काट्यावर ओझेला उभी होती. बूट काढून, कानातलीसुद्धा काढून, जणू त्या चिमूटभर सोन्याने काही फरक पडणार होता. आकडा मागच्या बुधवारपेक्षा वाढला होता.

"सिस्टर ओझेला, प्रभूच्या मंदिराला जरा जास्तच पडव्या काढल्यात तुम्ही," कॅल्विन म्हणाला. लोक हसले. ओझेलाही हसली, आणि तेच लवाडाला सहन झालं नाही.

लवाडा क्रेनशॉ तिची थोरली बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला होता, आणि दर रविवारी ती माउंट निबो बाप्टिस्ट चर्चच्या दारात पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून, येणाऱ्यांना जागेवर नेऊन बसवणारी सेविका म्हणून उभी राहायची. शेजारी ओझेला. दोघीही अंगाने आईवर गेलेल्या, रुंद आणि भरदार. अलाबामातल्या त्या गावात कुणी रडत चर्चमध्ये आलं, तर ते आधी ओझेलाच्या छातीशी जायचं आणि मग देवाकडे.

वसंतात हे नवं खूळ निघालं. कॅल्विन हा पास्टरांचा भाचा, सैन्यातून परतलेला, पोट सपाट आणि जीभ तिखट. त्याने भिंतीवर फलक लावला: तुमचा देह देवाचं मंदिर आहे. खाली चित्रात एक सडपातळ जोडपं धावत होतं. तसं दिसणारं गावात कुणीच नव्हतं. मग नियम निघाला, की चर्चच्या वर्धापनदिनी जिचं वजन ठरल्याइतकं उतरेल तीच नवा पोशाख घालून सेवेला उभी राहील. बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसायचं. काय खायचं, किती खायचं, त्याचा कागदही त्याने वाटला.

लवाडाने पास्टर गेन्सना सांगून पाहिलं, की ओझेलाला शुगर आहे, ती रोज इन्सुलिनची सुई टोचून घेते, तिचे गुडघे कामातून गेलेत. पास्टर मायाळू माणूस. पोरगा आपल्या भल्यासाठीच करतोय, ते म्हणाले, आपली काळी माणसं फार लवकर जातायत, सिस्टर. ते काही खोटं नव्हतं.

ओझेलाने गुपचूप उपास धरला. सुई मात्र चुकवली नाही, कारण सुई कधी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वर्धापनदिनी तो नवा पोशाख तिच्या अंगात गेला. बटणं लावताना ती बहिणीला म्हणाली, "बघ ताई, मलाही जमतं." तिचे ओठ कोरडे पडले होते.

पास्टर गेन्स आधी नुसते बोलतात, घरच्या ओट्यावर बसून बोलावं तसे. मग एखादा शब्द लांबतो, त्याला सूर फुटतो, ऑर्गन त्या सुरामागून दबकत येतो, मंडळी "हो, सांगा, सांगा" म्हणत त्याला हात देतात, आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं होतं. ज्याने ते ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. स्वर्गाचं दार जरासं किलकिलं होतं, एवढंच म्हणता येईल. त्या दिवशी ते हागारची कथा गात होते. दासी हागार, वाळवंटात हाकललेली, कातडी मसकेतलं पाणी संपलेली. "आणि देवाने पाहिलं," ते गात होते, "जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिला देवाने पाहिलं."

ओझेलाचे हात वर गेले, मान मागे पडली आणि ती कोसळली.

बायका सवयीने धावल्या. कुणी तिचा चष्मा काढून घेतला, कुणी गुडघ्यांवर कापड पांघरलं, बाकीच्यांनी हातात हात धरून भोवती कडं केलं. माउंट निबोत पवित्र आत्मा उतरला की माणूस असंच पडतं, आणि पडलेल्याला हलवायचं नसतं; ते त्याचं आणि देवाचं. लवाडाही गुडघ्यांवर बसून वारा घालत राहिली. माझ्या बहिणीला भरून टाक, प्रभू, असं पुटपुटत राहिली. गाणं चढत गेलं. मग पोशाख सारखा करायला ती वाकली आणि ओझेलाच्या मानेला तिचा हात लागला. मान घामाने भिजली होती, पण थंडगार. आत्मा उतरलेलं माणूस तापतं.

सेविकेने प्रवचन थांबवायचं नसतं. चर्च उभं राहिल्यापासून कुणी थांबवलं नव्हतं. लवाडा मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"पास्टर, गाणं थांबवा. हा आत्मा नाही. ही उपाशी आहे, साखर उतरलीय तिची."

ऑर्गनचा सूर मध्येच तुटला. लवाडाने प्रभुभोजनाच्या मेजावरचं तबक उचललं आणि इवल्याशा पेल्यांतला द्राक्षरस, एकेक पेला करून, बोटाने थेंब थेंब बहिणीच्या गालाच्या आत चोळला. चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक डीकन म्हणाला, सिस्टर, ते पवित्र आहे.

"म्हणूनच," लवाडा म्हणाली.

ओझेला जगली. पण इस्पितळातून परतली तेव्हा तिचे काही शब्द मागेच राहिले होते. स्वतःच्या नातवंडांची नावं तिला चाचपडत शोधावी लागत.

डीकनांची बैठक बसली. दिलेला आहार सिस्टर ओझेलांनी पाळला नाही, असं कॅल्विनने मांडलं, आणि दोन माना डोलल्या. मग सांडलेल्या द्राक्षरसाचा विषय निघाला. तेव्हा लवाडा उठली.

"माझी आजी गोऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. संध्याकाळी रांग लागायची, आणि मालकाचा माणूस एकेकीचं वजन असंच ओरडून वाचायचा. कमी भरलं की सगळ्यांदेखत मान खाली. तो काटा मागे टाकून आम्ही इथवर आलो होतो. तू तो देवाच्या घरात आणलास, बाळा. आणि आम्ही बसून हसलो."

कॅल्विनचा चेहरा उतरला. मला तुमच्या जिवाचीच काळजी होती, तो हळू म्हणाला.

"मग जिवाचं विचारायचंस. झोप लागते का, औषध परवडतं का, जेवलीस का. तू फक्त आम्ही किती जागा अडवतो ते मोजलंस."

पास्टर गेन्स सगळा वेळ मेजाकडे बघत बसले होते.

पुढच्या बुधवारी सभागृहात काटा नव्हता. कुणी हलवला, कुणी विचारलं नाही. लवाडाने खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ज्यांना जमलं त्या चर्चला फेऱ्या घालून आल्या, ज्यांना नाही जमलं त्यांनी बसल्या बसल्या सुरावर हात हलवले. ओझेला एका हाताने ताल धरत होती. कॅल्विन दारातून आत आला आणि आणखी खुर्च्या मांडू लागला.

मग लवाडा म्हणाली, शुगर आधी पाय खाते आणि कळू देत नाही, तेव्हा आज एकमेकींचे पाय बघायचे. बूट, मोजे काढा.

कुणीच हललं नाही. सुजलेले, भेगाळलेले, काळवंडलेले पाय बुटांतच राहिले. त्या पायांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं पुसली होती. ते चारचौघांत उघडे करायचे कसे.

तेवढ्यात पास्टर गेन्स येऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसले. ते वाकले, नाड्या सोडायला त्यांना वेळ लागला. चकाकता बूट बाजूला ठेवला, काळा मोजा गुंडाळत काढला. उजव्या पायाला अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं. जखम जुनी, भरून आलेली होती.

लवाडा त्यांच्यासमोर खाली बसली. पाय मांडीवर घेतला, उरलेली बोटं एकेक करून वेगळी करून पाहिली, टाच उजेडाकडे वळवली.

"दुसरा द्या," ती म्हणाली.